शिळे आणि आंबवलेले : एक आवश्यक भेद

गतवर्षी उन्हाळ्यात वसतिगृहाच्या न्याहारीत नाचणीची आंबील ठेवली असता काही विद्यार्थ्यांनी वाट्या तशाच परत केल्या. "गुरुजी, हे शिळे आहे," असे त्यांचे म्हणणे होते. आम्ही त्याची थट्टा केली नाही. ज्यांच्या पूर्वजांना गावाचे उष्टे-शिळे तुकडे हक्क म्हणून स्वीकारावे लागले, त्यांच्या घरांत अशा अन्नाविषयी तिटकारा असणे स्वाभाविक आहे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी असे तुकडे आणि मृत जनावरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले, ते स्वाभिमानासाठीच. परंतु शिळे आणि आंबवलेले एक नव्हे. हा भेद विज्ञानाच्या आधारे स्पष्ट व्हावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

दूध आंबट होण्यासारख्या क्रियेमागे सजीव सूक्ष्मजीव असतात, असे लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५७ साली प्रतिपादन केले. नाचणीचे पीठ ताकात कालवून रात्रभर ठेवले, की ताकातील जिवाणू पिठातील शर्करेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात. आम्लता वाढली, की अन्न नासवणाऱ्या व रोग उत्पन्न करणाऱ्या अनेक जिवाणूंची वाढ खुंटते. घातक विष निर्माण करणारा बोट्युलिझमचा जिवाणू सामू ४.६ च्या खाली वाढू शकत नाही. शिळ्या अन्नात मात्र कोणते जिवाणू वाढतील, यावर कोणाचेच नियंत्रण नसते.

दुसरा लाभ पोषणाचा. ज्वारी, बाजरी, नाचणी यांत लोह असते. पण त्यांतील फायटिक आम्ल ते बांधून ठेवते आणि शरीराला त्याचा पुरेसा लाभ होत नाही. आंबवताना वाढलेल्या आम्लतेत फायटेज नावाचे विकर क्रियाशील होते व हे बंधन सैल करते. ज्या मुलींचे हिमोग्लोबिन तपासणीत कमी आढळते, त्यांच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही.

तिसरा लाभ साधनसंपत्तीच्या बचतीचा. आंबवण्यास इंधन लागत नाही आणि दुधासारखा नाशवंत पदार्थ दह्याच्या रूपाने अधिक टिकतो. आधुनिक विज्ञान याच वाटेने पुढे गेले आहे. चीज करण्यासाठी लागणारे कायमोसिन हे विकर पूर्वी वासरांच्या जठरातून काढीत. वासराचे जनुक सूक्ष्मजीवात घालून तयार केलेल्या कायमोसिनला अमेरिकेत १९९० साली मान्यता मिळाली.

येथे सावधगिरीही हवी. आंबवल्याने प्रत्येक दोष नाहीसा होत नाही. बुरशी लागलेल्या धान्यातील विष त्यामुळे हमखास नष्ट होत नाही, शिजवूनही बव्हंशी टिकते. असे धान्य टाकूनच द्यावे. भांडे व पाणी स्वच्छ असावे, आणि रंग किंवा वास बिघडल्यास चव घेऊन पाहण्याचा मोह टाळावा.

आता विद्यार्थीच सायंकाळी पीठ कालवतात, सकाळी निळा लिटमस कागद लाल झालेला पाहतात आणि मग आंबील शिजवून तीत जिरे, लसूण व मीठ घालतात. काही जण अजूनही वाटी नाकारतात. आम्ही आग्रह करीत नाही. मात्र नकाराचे कारण विचारतो आणि उत्तर तपासून पाहण्यास सांगतो. बुद्धांनी कालामांना केलेला उपदेश आमच्या शाळेत पाठ करून घेतला जातो. तो स्वयंपाकघरातही उपयोगी पडावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.