आधी चार तळहात, मग शेपटी: स्पॉयलर आणि टायरचा हिशोब

हेडफोन लावायला वेळ नाही पण वाचायला दोन थांबे आहेत, अशांसाठी हा आजच्या भागाचा लिखित अवतार. बोलतानाचे 'अं' आणि 'म्हणजे' काढलेत, बाकी गप्पा त्याच.

आजचा विषय एका व्हॉइस नोटमधून आलाय. आपला एक श्रोता नोकरीसाठी म्युनिकला गेला आणि तिथे त्याने सेकंडहँड स्पोर्टी हॅचबॅक घेतली. तो विचारतो, "दादा, गाडीवर समर टायर आहेत. हातात साधारण हजार युरो आहेत. मागे मस्त मोठा स्पॉयलर बसवू की विंटर टायर घेऊ? पुण्यात तर आपण बारा महिने एकाच टायरवर फिरतो ना?"

प्रश्न भारी आहे, कारण यात हौस आणि जीव दोन्ही एकाच बजेटमध्ये आलेत. चला, नीट उलगडून बघू.

स्पॉयलर नेमकं काय बिघडवतो?

नावातच आहे बघा. 'स्पॉइल' करणारा, म्हणजे हवेचा एक नको असलेला प्रवाह मोडणारा. गाडीचं छप्पर वरून गोलसर असतं. त्यावरून जाताना हवेचा वेग वाढतो, तिथला दाब कमी होतो आणि गाडी थोडीशी वर ओढली जाते. गाडी उडत नाही, पण मागच्या चाकांवरचं वजन हलकं होतं. डिकीच्या कडेला बसवलेली ती छोटी पट्टी हा प्रवाह मोडते आणि वरची ओढ कमी करते.

इथे एक गल्लत नेहमी होते. दोन खांबांवर उभा असतो आणि ज्याच्या वरून-खालून दोन्हीकडून हवा जाते, तो विंग. विमानाचा पंख उलटा लावावा तसा तो गाडीला खाली दाबतो. स्पॉयलर मुख्यतः वरची ओढ कमी करतो. आपल्याकडे दोघांनाही सरसकट स्पॉयलरच म्हणतात, चालायचंच.

ही फक्त नटवायची वस्तू नाही. १९७२ साली पॅरिसच्या मोटर शोमध्ये आलेल्या पोर्शा ९११ कॅरेरा आरएस २.७ या गाडीची मागची वर उचललेली कड 'बदकाची शेपटी' म्हणून प्रसिद्ध झाली. ती मागची बाजू रस्त्याला धरून ठेवायला केलेली होती. त्याच काळातली बीएमडब्ल्यू ३.० सीएसएल तर अजून गमतीदार. तिचा मागचा मोठा विंग जर्मनीच्या रस्त्यांवर चालवायला परवानगी नव्हती, म्हणून कंपनी तो सुटा करून डिकीत ठेवून द्यायची. रेसट्रॅकवर जा, काढा आणि बसवा! लोकांनी त्या गाडीचं नावच 'बॅटमोबाइल' ठेवलं.

टीटीची गोष्ट

स्पॉयलर खरंच किती महत्त्वाचा असतो, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे पहिली ऑडी टीटी. १९९८ मध्ये ती बाजारात आली तेव्हा लोक वेडे झाले. पुढून-मागून सारखीच गोल, अर्धचंद्रासारखं छप्पर, कुठे टोक नाही की कड नाही. आणि मागे स्पॉयलरही नाही, कारण त्याने ती सुंदर रेघ मोडली असती.

मग जर्मनीच्या ऑटोबानवर अपघात व्हायला लागले. ताशी १८० किलोमीटरच्या वरच्या वेगात अचानक लेन बदलली किंवा वळणावर पाय झटकन काढला, की गाडीची मागची बाजू सुटायची. काही अपघातांत लोक गेले.

कारण समजायला सोपं आहे. इतक्या वेगात मागची चाकं हवेमुळे आधीच हलकी झालेली असतात. त्यात तुम्ही ॲक्सिलरेटर सोडला की गाडीचं वजन पुढे झुकतं, मागची चाकं अजून हलकी होतात आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरते.

१९९९ च्या शेवटी ऑडीने गाड्या परत बोलावायचा निर्णय घेतला. तीन गोष्टी केल्या: डिकीवर छोटा स्पॉयलर बसवला, सस्पेंशनमध्ये बदल केले आणि ईएसपी दिलं. पुढे २००६ च्या दुसऱ्या पिढीत त्यांनी मधला मार्ग काढला. स्पॉयलर डिकीत दडलेला असायचा आणि ताशी १२० च्या आसपास आपोआप वर यायचा.

हा आकडा लक्षात ठेवा. ज्या कंपनीने हा धडा इतका महाग शिकला, तिलाही शहरातल्या वेगात स्पॉयलर बाहेर काढायची गरज वाटली नाही.

वेगाच्या वर्गाचं गणित

असं का? कारण हवेचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. वेग दुप्पट केला की जोर चौपट.

समजा, एखादा चांगला स्पॉयलर ताशी २०० ला गाडीच्या मागे ५० किलोचा फरक पाडतो. हा आकडा फक्त समजण्यापुरता धरलाय. मग ताशी १३० ला तो फरक होतो साधारण २१ किलो. ताशी १०० ला साडेबारा. आणि शहरातल्या ताशी ५० ला? जेमतेम तीन किलो. मंडईतून आणलेली एक भाजीची पिशवी डिकीत ठेवा, झालं तेवढं काम.

अजून एक गोष्ट. बहुतेक हॅचबॅकमध्ये इंजिनची ताकद पुढच्या चाकांना जाते. मोठा विंग बसतो मागच्या चाकांच्याही मागे. तो मागे दाबला की सी-सॉसारखी पुढची बाजू थोडी उचलली जाते. म्हणजे जी चाकं गाडी ओढतात आणि वळवतात, त्यांच्यावरचंच वजन कमी. कंपनी गाडी डिझाइन करताना पुढचा-मागचा तोल एकत्र बघते. ऑनलाइन मागवून डबल टेपने चिकटवलेला विंग हे काही बघत नाही.

आता टायरकडे

प्रत्येक टायरचा रस्त्याला टेकलेला भाग असतो साधारण तुमच्या तळहाताएवढा. चार चाकं, चार तळहात. इंजिनची ताकद, ब्रेक, स्टिअरिंग, ईएसपी, स्पॉयलरचा दाब, सगळं या चार तळहातांमधूनच रस्त्यापर्यंत पोचतं. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत हा बॉटलनेक. तोच अरुंद असेल तर बाकीचं सगळं वेगवान करून काही उपयोग नाही.

समर टायरचं रबर गरम रस्त्यावर घट्ट राहावं असं बनवलेलं असतं. हवा थंड झाली की ते कडक होत जातं. युरोपात ७ अंश सेल्सिअस हा ढोबळ आकडा धरतात. त्याच्या खाली समर टायरची पकड कमी व्हायला लागते, बर्फ नसला तरी. काही अति-स्पोर्टी समर टायर तर कडाक्याच्या थंडीत चालवले तर रबराला तडे जाऊ शकतात, असा इशारा कंपन्याच देतात.

विंटर टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं. शिवाय त्याच्या नक्षीत बारीक बारीक चिरा असतात. त्या उघडतात-मिटतात आणि बर्फाला धरतात. पण हाच टायर उन्हाळ्यात चालवला तर मऊपणामुळे पटापट झिजतो आणि ब्रेकला गाडी जास्त लांब जाते. म्हणून जर्मन लोक वर्षातून दोनदा चाकं बदलतात. त्यांचा सोपा नियम: ऑक्टोबर ते ईस्टर विंटर टायर. उरलेला सेट ठेवायला गॅरेजवाले जागा देतात, त्याला तिथे चक्क 'टायर हॉटेल' म्हणतात!

आता परत गणित. ताशी ५० वरून ब्रेक मारला. कोरड्या रस्त्यावर पकड चांगली, घर्षणाचा आकडा १ धरू. गाडी थांबते साधारण १० मीटरमध्ये. दाबलेल्या बर्फावर विंटर टायरला ०.३ आणि समर टायरला ०.१५ धरू. विंटरवर साधारण ३३ मीटर, समरवर ६६ मीटर. हेही आकडे समजण्यापुरतेच, पण प्रमाण बघा. विंटरवाली गाडी जिथे थांबली, तिथून समरवाली अजून ३३ मीटर घसरत जाते. म्हणजे आठेक गाड्यांची रांग.

आणि त्याच बर्फावर स्पॉयलर किती मदत करेल? १३०० किलोच्या गाडीवर तीन किलो. ६६ मीटरमधले फार तर १६ सेंटीमीटर वाचतील. वीतभरही नाही.

नियम काय म्हणतात?

जर्मनीत तारखेचं बंधन नाही, परिस्थितीचं आहे. रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ, दव गोठलेलं किंवा निसरडा थर असेल तर विंटर टायर हवेच. ऑल-सीझन चालतात, पण टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह पाहिजे. नुसतं 'एम प्लस एस' लिहिलेले जुने टायर १ ऑक्टोबर २०२४ पासून चालत नाहीत. सेकंडहँड सेट घेणाऱ्यांनी हे नक्की तपासा. नियम मोडला तर ६० युरो दंड आणि लायसन्सवर एक पॉइंट. अपघात झाला तर विमा कंपनीही भरपाई कापू शकते.

म्युनिकहून साल्झबर्गला फिरायला जाणार असाल तर अजून एक. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात हिवाळी रस्ता असेल तर विंटर टायर लागतात आणि त्यांची नक्षी किमान ४ मिलिमीटर हवी. खिशात दोन युरोचं नाणं असेल तर ते नक्षीत घाला. त्याची चंदेरी कड साधारण ४ मिलिमीटरची आहे. कड दिसत राहिली तर टायर संपत आला.

स्पोर्टी गाडीवाल्यांसाठी खास: विंटर टायरचा स्पीड कोड गाडीच्या कमाल वेगापेक्षा कमी असू शकतो. एच म्हणजे ताशी २१०, व्ही म्हणजे २४०. गाडी २४० जाणारी आणि टायर एच असेल, तर ड्रायव्हरला दिसेल असा वेगमर्यादेचा स्टिकर लावावा लागतो.

आणि स्पॉयलर? जर्मनीत त्या पार्टला मान्यतेचा कागद लागतो, काही वेळा 'ट्यूफ'कडे जाऊन तपासणीही करावी लागते. नाहीतर गाडीची रस्त्यावर चालायची परवानगीच धोक्यात येते.

दोनच टायर बदलू का?

हा प्रश्न प्रत्येक काटकसरी माणसाच्या डोक्यात येतो. "गाडी पुढच्या चाकांवर चालते, मग पुढचे दोनच विंटर घेतो." नको! पुढे पकड भक्कम आणि मागे निसरडं, म्हणजे वळणावर मागची बाजू सुटणार. ऑडी टीटीचं जे ताशी १८० ला व्हायचं, ते तुमच्या गाडीचं बर्फावर ताशी ४० ला होईल. घ्यायचे तर चार.

आणि आपल्याकडे?

महाराष्ट्रात बर्फ नाही, ७ अंशांची सकाळही क्वचित. त्यामुळे विंटर टायरची गरज नाही. पण आपलाही एक सीझन आहेच की, पावसाळा. पाण्यावर टायर तरंगू नये म्हणून नक्षीतल्या खोबणींनी पाणी बाहेर फेकायला हवं. खोबणीच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, ते १.६ मिलिमीटरवर असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. तिथपर्यंत थांबू नका, पाऊस सुरू व्हायच्या आधीच बदला.

टायरवर चार आकडी कोडही बघा. २३१९ म्हणजे २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला. नक्षी छान पण रबर म्हातारं, असं सेकंडहँड गाडीत फार असतं. आणि दोनच नवे टायर परवडत असतील तर नवे मागे टाका. पंक्चरवाला "पुढे टाका साहेब" म्हणेल. त्याला टीटीची गोष्ट सांगा.

स्पॉयलरबद्दल आपला मोटार वाहन कायदाही आहे. त्याचं कलम ५२ सांगतं, की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसीमधली माहिती जुळणार नाही असे बदल करायचे नाहीत. काही बसवायच्या आधी आरटीओत विचारा.

तर हजार युरोंचं काय?

म्युनिकच्या भावा, चार विंटर टायर, तेही डोंगर-हिमकणाच्या चिन्हाचे. कंपनीने मान्य केलेली छोटी साइज असेल तर ती घे. रिम लहान, टायर अरुंद, स्वस्तही पडतात आणि चिखलबर्फात बरे चालतात. गाडीच्या कागदांत चालणाऱ्या साइज दिलेल्या असतात. पैसे उरले तर ईस्टरनंतर स्पॉयलर बघ. कंपनीचा, कागदपत्रांसकट. दिसायला छान दिसतो म्हणून घेतोयस, हे स्वतःशी कबूल करून घे. हौसेला मोल नसतं आणि त्यात वाईट काहीच नाही. फक्त रांग चुकवू नकोस.

बाकी मंडळी, आज गाडीपाशी गेलात की खाली वाका आणि चारही टायरचे कोड वाचा. सगळ्यात जुना टायर कोणाचा निघतो ते व्हॉइस नोटवर कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवतो. पुढच्या वेळी बोलू टायरच्या हवेबद्दल, म्हणजे नायट्रोजन भरायचे पैसे खरंच वसूल होतात का. तोवर काळजी घ्या, हवा तपासा!