सारखे दिसले म्हणजे सख्खे नव्हे

लॅटिन ‘हाबेरे’ म्हणजे जवळ असणे, जर्मन ‘हाबेन’ म्हणजेही तेच. तेव्हा दुसरा शब्द पहिल्यातूनच आला, हे विधान इतक्या ठामपणे केले जाते की आता त्याचा वैताग येतो. हे दोन शब्द एकमेकांचे कोणी लागत नाहीत. भाषाभ्यासक रास्मुस रास्कने 1818मध्ये आणि याकोप ग्रिमने 1822मध्ये दाखवून दिले की या भाषांच्या समान मूळ भाषेतला ‘क’ लॅटिनमध्ये टिकला, पण जर्मन-इंग्रजीच्या शाखेत त्याचा ‘ह’ झाला. शंभराला लॅटिनमध्ये ‘केंटुम’, जर्मनमध्ये ‘हुंडर्ट’. शिंगाला ‘कोर्नू’ आणि ‘हॉर्न’. कुत्र्याला ‘कानिस’ आणि ‘हुंड’. या हिशेबाने ‘हाबेन’चा लॅटिन भाऊबंद ‘क’नेच सुरू व्हायला हवा, आणि तसा तो आहे: ‘कापेरे’, म्हणजे पकडणे. जे पकडले ते आपल्याजवळ राहते, एवढाच अर्थाचा प्रवास. उलट लॅटिन ‘ह’च्या जागी जर्मनमध्ये ‘ग’ येतो. बागेला ‘होर्टुस’ आणि ‘गार्टेन’. म्हणून ‘हाबेरे’चे नाते बहुतेक अभ्यासक ‘गेबेन’शी, म्हणजे देण्याशी, जोडतात.

उच्चार आणि अर्थ दोन्ही जुळले तर तो योगायोग कसा, असे विचारले जाते. भाषेत ध्वनी मोजके आणि शब्द हजारो, त्यामुळे अशा गाठी पडणारच. ‘बदनाम’मधला फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचा अर्थ एक, पण संबंध शून्य. मग जर्मनने शब्द उसना घेतला असेल? लॅटिन ‘फेनेस्ट्रा’वरून ‘फेन्स्टर’, म्हणजे खिडकी, तसा घेतलाही आहे. पण ‘हाबेन’चेच भावंड असलेले ‘हाबान’ हे क्रियापद जर्मनच्याच शाखेतल्या गॉथिक भाषेतल्या, चौथ्या शतकातल्या बायबलमध्ये आहे, जुन्या इंग्रजीत आणि नॉर्समध्येही त्याची रूपे आहेत. नियमाने जुळणारा ‘कापेरे’ समोर असताना उसनवारी कल्पण्याचे कारण उरत नाही. एका जोडीचे साम्य हा पुरावा नाही, शेकडो जोड्यांत तोच बदल दिसणे हा पुरावा आहे.

ग्रीक ‘थेऑस’ आणि लॅटिन ‘देउस’ यांचेही तेच: दोन्हींचा अर्थ देव, पण ‘देउस’चे नाते ‘झेउस’शी आणि आपल्या ‘देव’शी आहे. स्पॅनिश ‘मुचो’ लॅटिन ‘मुल्तुम’मधून आला; इंग्रजी ‘मच’ संस्कृत ‘महा’च्या कुळातला. आणि अर्थ वेगळा म्हणजे मूळही वेगळे, हेही चूक. जर्मनमध्ये ‘गिफ्ट’ म्हणजे विष, तरी तो आणि इंग्रजी ‘गिफ्ट’ देण्याच्या एकाच धातूतून आले. औषधाची ‘दिलेली मात्रा’ या अर्थावरून जर्मन शब्द विषापर्यंत गेला. जुना अर्थ ‘मिटगिफ्ट’, म्हणजे हुंडा, या शब्दात अजून शाबूत आहे.