यातलं किती चालेल?

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स सुटा करून टेबलावर मांडला, की गाडीमालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘‘यातलं किती चालेल?’’ प्रश्न रास्त आहे. सगळंच नवं घालायचं म्हटलं, तर खर्च जुन्या गाडीच्या किमतीला भिडतो. आणि बदलायला हवं ते ठेवलं, तर तोच गिअरबॉक्स काही महिन्यांत पुन्हा खाली उतरवावा लागतो.

आत असतं तरी काय? अमेरिकेत जनरल मोटर्सनं १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबाइल गाड्यांना ‘हायड्रामॅटिक’ गिअरबॉक्स दिला. तेव्हापासून पुष्कळ सुधारणा झाल्या, पण मूळ कल्पना टिकून आहे. मध्ये एक दातेरी चक्र, त्याभोवती फिरणारी छोटी चक्रं आणि या सगळ्यांना वेढणारं कडं. यातलं कोणतं अडवायचं आणि कोणतं फिरू द्यायचं, यावर गिअर ठरतो. हे काम मुख्यतः क्लच प्लेटा करतात आणि त्यांना दाबतं ते तेल. म्हणजे चक्रांचे दाते कायम एकमेकांत बसलेलेच. गिअर बदलताना घासतात त्या प्लेटा.

(२०१४ मध्ये आलेल्या सेलेरिओपासून आपल्याकडे रुळलेल्या ‘एएमटी’ गाड्यांचा यात समावेश नाही बरं का. त्यांत साधाच गिअरबॉक्स असतो, फक्त क्लच आणि गिअर यंत्र हलवतं.)

तेव्हा क्लच प्लेटा बदलायच्याच. त्यांवर कागदासारखं अस्तर चिकटवलेलं असतं. नवी प्लेट बसवण्याआधी गिअरबॉक्सच्याच तेलात भिजत घालतात, कारण कोरडी बसवली तर जळते. रबरी सील, ओ-रिंगा, पॅकिंग आणि फिल्टर चांगले दिसले, तरी पुन्हा वापरायचे नाहीत. उष्णतेनं रबर कडक होतं, मग तेलाचा दाब सुटतो आणि प्लेटा घसरू लागतात. एकूण खर्चात हा माल स्वस्तातलाच. इथे काटकसर करू नये.

क्लच प्लेटांच्या मधल्या पोलादी प्लेटा सपाट असतील, त्यांवर निळे-काळे डाग नसतील, तर चालतात. चक्रं, शाफ्ट, ड्रम हे महागडे भाग बरेचदा धुऊन परत बसतात. पण ते नजरेवर सोडू नये, मापं घ्यावीत. पंपाचा बुश झिजलेला असताना नुसतं नवं सील बसवलं, तर तेही गळणार.

एका प्रसंगी मात्र दिसण्यावर मुळीच जाऊ नये. कित्येक गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल रेडिएटरच्या पोटातल्या कूलरमधून थंड होऊन येतं. तो आतून फुटला, की कूलंट तेलात मिसळतं आणि लाल तेलाचं गुलाबी मिल्कशेक होतं. प्लेटा नव्यासारख्या दिसतात, पण पाण्यानं अस्तराचा डिंक सुटलेला असतो. त्या सगळ्या बदलाव्या लागतात, आणि रेडिएटरही.

आता माझी चूक सांगतो. एका गृहस्थांची गाडी आली होती. प्लेटा जळून चुरा झालेला. मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती, म्हणून ते म्हणाले, ‘‘साहेब, जमेल तेवढं कमी करा.’’ मीही त्यांचा जुना टॉर्क कन्व्हर्टर ठेवला आणि कूलर न धुता नळ्या जोडून दिल्या. गिअरबॉक्स मी मन लावून बांधला होता. चार महिन्यांत गाडी पुन्हा घसरू लागली.

कन्व्हर्टर म्हणजे वेल्डिंगनं बंद केलेला डबा. कापल्याशिवाय तो आतून नीट साफ होत नाही. जळक्या प्लेटांचा चुरा त्यात आणि कूलरच्या बारीक वाटांत बसून राहतो. गाडी सुरू झाली, की तोच चुरा ताज्या तेलाबरोबर नव्या प्लेटांवर आणि तेलाला वाट देणाऱ्या झडपांत जातो. दुसऱ्या खेपेची मजुरी मी घेतली नाही, पण प्लेटांचा खर्च त्यांना पुन्हा पडलाच.

तेव्हापासून चुरा दिसला, की कन्व्हर्टर कापून दुरुस्त केलेला किंवा नवा घालतो, आणि कूलर धुतो किंवा बदलतो. एवढे पैसे नसतील, तर काम थांबवू या, असं मालकांना सांगतो. काही जण रागावून दुसरीकडे जातात. तुमच्यावर ही वेळ आली, तर काढलेले जुने भाग समोर मांडून मागा आणि दोन गोष्टी विचारा : कन्व्हर्टरचं काय केलं? कूलर धुतला का?