शस्त्रक्रियेआधी कोणती तपासणी?

स्तनातील गाठ कर्करोगाची निघाली, की पुढचा प्रश्न तिच्या आकाराचा आणि पसरण्याचा असतो. फक्त गाठ काढायची की पूर्ण स्तन, हे बरेचसे त्यावर ठरते. मॅमोग्राफीत कॅल्शियमचे बारीक कण चांगले दिसतात. पण स्तनातील ऊती दाट असतील तर गाठ झाकली जाऊ शकते. तिथे सोनोग्राफी मदतीला येते. काखेतील लसिकाग्रंथीही तिने पाहता येतात. मात्र मोठी गाठ ती प्रत्यक्षापेक्षा लहान दाखवू शकते. एमआरआय या तिघांत सर्वांत संवेदनशील. विखरून वाढणाऱ्या ‘लोब्युलर’ कर्करोगात त्याचा विशेष उपयोग होतो.

मग सर्वांचाच एमआरआय का करू नये? फक्त गाठ काढायचे ठरलेल्या १,६२३ स्त्रियांवर ब्रिटनमध्ये ‘कॉमिस’ चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. एमआरआय केलेल्या आणि न केलेल्या, दोन्ही गटांत सुमारे १९ टक्के स्त्रियांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. शिवाय एमआरआयमध्ये कधी निरुपद्रवी भागही संशयास्पद दिसतो. म्हणून केवळ त्या चित्रावरून स्तन काढण्याचा निर्णय घेऊ नये. आधी त्या जागेची बायोप्सी करून घ्यावी. आणखी एखादी तपासणी सांगितली, तर तिच्यामुळे शस्त्रक्रियेत नेमके काय बदलेल, हे डॉक्टरांना जरूर विचारावे.