काल व्यायाम केला होता का?

सदाशिव पेठेतल्या एका लॅबमध्ये सकाळी गर्दी असते ती उपाशीपोटी साखर तपासणाऱ्यांची. त्यात तालमीतलं एक दांडगं पोर. चिठ्ठी वाचून टेक्निशियन ताई विचारतात, "काल व्यायाम केला होतास?" "जोर-बैठका वाढवल्यात, ताई." त्या चिठ्ठीवर तसं लिहितात. सीपीकेच्या तपासणीत ही नोंद रक्ताइतकीच महत्त्वाची.

सीपीके, म्हणजे क्रिएटिन कायनेज, हे स्नायूंतलं विकर. फॉस्फोक्रिएटिनमधला फॉस्फेट एडीपीला देऊन ते क्षणात एटीपी हे पेशींचं इंधन तयार करतं. कुस्तीत पहिल्या झटक्याला लागणारी ताकद बरीचशी इथूनच येते.

रक्त गोठलं की नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरते आणि वर पिवळसर सीरम उरतं. ते लालसर दिसलं तर ताई पुन्हा रक्त घेतात, कारण फुटलेल्या तांबड्या पेशींतलं दुसरं एक विकर आकडा फुगवू शकतं. पुढचं काम यंत्राचं. ३७ अंशांवर, ३४० नॅनोमीटरच्या प्रकाशात, विकर किती वेगानं काम करतंय ते मोजलं जातं. त्याचं वजन कुणी करत नाही.

प्रौढांत साधारण २०० युनिटच्या आतला आकडा ठीक मानतात. अंगाबाहेरच्या व्यायामानंतर तो हजारावरही जातो, आणि कळस त्याच दिवशी नव्हे, एक ते चार दिवसांनी येतो. पैलवानाला विश्रांती देऊन पुन्हा तपासावं, घाबरवू नये.

लहान मुलाचं मात्र वेगळं. ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीत डिस्ट्रोफिन हे प्रथिन नसल्यानं स्नायुपेशींचं आवरण फाटत राहतं आणि सीपीके जन्मापासूनच कित्येक पटींनी वाढलेलं असतं. हा आजार मुख्यतः मुलग्यांना होतो. पोटऱ्या भरदार दिसतात, म्हणून घरचे उलट खूशच असतात! गफलत पुढे होते. यकृताच्या तपासणीत बघतात ती एसजीओटी, एसजीपीटी ही विकरं स्नायूंतही असतात. ती वाढलेली दिसली की संशय यकृतावर जातो.

तेव्हा मुलगा जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकत असेल आणि रिपोर्टात एसजीपीटी वाढलेलं असेल, तर यकृताच्या औषधांत महिने घालवण्याआधी डॉक्टरांना एवढं विचाराच: सीपीके करून बघायचं का?