लक्ष्मीपूजनातील केरसुणी : प्रतीक, श्रम आणि प्रतिष्ठा

प्रस्तावना

आश्विन अमावास्येच्या सायंकाळी, म्हणजे प्रदोषकाळी, महाराष्ट्रात घरोघरी लक्ष्मीपूजन केले जाते. या पूजेत लक्ष्मीची प्रतिमा, नाणी, दागिने आणि व्यापाऱ्यांच्या हिशेबाच्या वह्या मांडल्या जातात. त्यांच्या शेजारी नवी केरसुणीही असते. तिला हळदकुंकू वाहिले जाते व ‘लक्ष्मी’ याच नावाने तिचा उल्लेख होतो. धन आणि केर काढण्याचे साधन एकाच पाटावर का येतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

लक्ष्मी आणि अलक्ष्मी

लक्ष्मीची कल्पना प्रारंभापासून केवळ सुवर्णाशी निगडित नाही. ऋग्वेदाच्या खिल भागातील श्रीसूक्तात सुवर्णाबरोबर गाई, घोडे व धान्य यांची मागणी आहे. तेथे देवीला ‘करीषिणी’, म्हणजे शेणखताने समृद्ध, असे विशेषण लाविले असून कर्दम व चिक्लीत ही तिच्या पुत्रांची नावे चिखल व ओलावा सूचित करतात. अर्थात ही श्री कृषिसंस्कृतीची आहे. याच सूक्तात अलक्ष्मीच्या नाशाची प्रार्थनाही येते.

पुराणांनी अलक्ष्मीला लक्ष्मीची थोरली बहीण, ज्येष्ठा, मानले. कलह, दारिद्र्य व अस्वच्छता ही तिची स्थाने होत. लक्ष्मीपूजनाच्या मध्यरात्री नव्या केरसुणीने घर झाडून, केर सुपात भरून बाहेर टाकण्याच्या विधीस ‘अलक्ष्मी निःसारण’ म्हणतात. या विधीतूनच केरसुणीच्या पूज्यतेचा उलगडा होतो. अलक्ष्मीला बाहेर घालविणारे साधन म्हणजे लक्ष्मीच्या आगमनाची पूर्वअट होय. केरसुणीस पाय लागू नये, तिन्हीसांजेला केर काढू नये, हे लोकसंकेतही याच धारणेतून आले आहेत.

केरसुणी घडविणारे हात

प्रतीकाचा हा अर्थ बहुधा सांगितला जातो. परंतु ते प्रतीक घडविणाऱ्यांचा उल्लेख क्वचितच होतो. शिंदीची पाने कापून, वाळवून, त्यांच्या बारीक पट्ट्या काढून व मुठीपाशी घट्ट बांधून केरसुणी तयार होते. दोर वळणे व केरसुण्या बांधणे हा महाराष्ट्रात मातंग समाजाचा परंपरागत व्यवसाय राहिला आहे. गावगाड्यात या श्रमाचा मोबदला बलुत्याच्या रूपाने, धान्यात मिळत असे. मात्र ज्या घरांत ही ‘लक्ष्मी’ पाटावर बसे, त्या घरांच्या उंबरठ्याआत तिच्या निर्मात्यास प्रवेश नसे. वस्तू पूज्य आणि तिचा कर्ता अस्पृश्य, ही विसंगती या विधीच्या मुळाशीच आहे.

बलुतेदारी मोडल्यानंतर केरसुणी बाजारात आली. दैनंदिन वापरात फूलझाडू व प्लॅस्टिकचे झाडू रूढ झाल्याने केरसुणीची मागणी घटून अनेक ठिकाणी ती पूजेपुरतीच उरली. परिणामी वर्षभर चालणारा व्यवसाय दिवाळीच्या काही दिवसांवर येऊन ठेपला.

श्रमाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न

झाडण्याच्या कामास प्रतिष्ठा देण्याचा प्रयत्न महाराष्ट्रात संत गाडगेबाबांनी (1876–1956) केला. दिवसा हाती खराटा घेऊन गाव झाडणे आणि रात्री कीर्तन करणे, हा त्यांचा क्रम होता. त्यांनी खराट्याची पूजा मांडली नाही, तो स्वतः चालविला. येथे विधी आणि आचरण यांतील अंतर स्पष्ट होते. विधीत साधन वंदनीय ठरते. आचरणात ते काम कोणी करावयाचे, हा प्रश्न उभा राहतो. आजही घरातील केर काढण्याचे काम प्रामुख्याने स्त्रियांकडे आणि सार्वजनिक सफाईचे काम मोठ्या प्रमाणात दलित समाजाकडे आहे.

समारोप

केरसुणीची पूजा ही अंधश्रद्धा म्हणून सोडून देण्याजोगी बाब नाही. संपत्ती ही स्वच्छतेवर आणि स्वच्छता ही श्रमावर अवलंबून असते, हे सत्य लोकपरंपरेने त्यात जतन केले आहे. तथापि त्या सत्याचा उत्तरार्ध, म्हणजे श्रमिकाचा सन्मान, विधीत उतरला नाही. मराठी, इतिहास व समाजशास्त्र या विभागांना विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून आपापल्या परिसरातील केरसुणी बांधणाऱ्यांचे कौशल्य, परिभाषा व उत्पन्न यांची नोंद करता येईल. शिंदीची पाने ओळखणारी व मूठ बांधणारी पिढी वृद्ध होण्यापूर्वी हे कार्य होणे आवश्यक आहे.