शब्दमर्यादा : समज आणि वस्तुस्थिती

परदेशी व्यवस्थापन-विद्यालयांत प्रवेशाचा अर्ज करणाऱ्या आपल्या तरुणांमध्ये असा एक समज दृढमूल झालेला आढळतो की, निबंधाची शब्दमर्यादा ही नाममात्र अट असून तीवर शेकडा दहा शब्द चढले तरी त्यांस माफी असते. अशी सरसकट मुभा कोठेही नाही. प्रत्येक विद्यालयाचा नियम स्वतंत्र असतो आणि तो अक्षरशः वाचावा लागतो. स्टॅनफर्डने आपल्या दोन निबंधांसाठी 650 आणि 350 शब्द केवळ सुचविले, पण दोहोंची मिळून 1000 शब्दांची कमाल मर्यादा मात्र बंधनकारक ठरविली. तर कोलंबियाने पदवीनंतरचे तात्कालिक उद्दिष्ट अवघ्या 50 अक्षरांत, शब्दांत नव्हे, मागितले.

विस्ताराला वाव मिळाला असता तर आपली योग्यता अधिक उजळली असती, ही समजूत याहून घातक आहे. हार्वर्डच्या निबंधाला कित्येक वर्षे मर्यादाच नव्हती. पुढे ती 900 शब्दांची झाली आणि 2024 मध्ये त्या एका निबंधाच्या जागी 300, 250 आणि 250 शब्दांचे तीन नेमके प्रश्न आले. नेमक्या प्रश्नाला नेमके उत्तर हवे, एवढाच याचा अर्थ मी घेतो. म्हणूनच 250 शब्दांची मुभा असता 220 शब्दांत आशय पुरा झाला, तर उरलेली जागा भरण्याचे बंधन अर्जदारावर नसते.

मजकूर कमी करणे म्हणजे विशेषणे खुडणे, असेही पुष्कळांना वाटते. परंतु विशेषणे काढून पाच-दहा शब्द वाचतात, आणि खरा भार असतो तो विद्यालयाच्या स्तुतीने भरलेल्या प्रारंभात, कार्यवृत्तात अगोदरच नमूद झालेल्या हुद्द्यांच्या पुनरुक्तीत आणि सांगून झालेलेच पुन्हा सांगणाऱ्या समारोपात. कारखान्यातील एखादा तंटा आपण कसा मिटविला, कोणाचे म्हणणे ऐकून स्वतःचा निर्णय फिरविला, हा तपशील कापून ‘माझ्या अंगी नेतृत्वगुण आहेत’ हे वाक्य राखणारा उमेदवार आपल्याच दाव्याचा पुरावा आपल्या हाताने नष्ट करीत असतो. उरलेला मजकूर ऐच्छिक निबंधात कोंबणे हाही मार्ग नव्हे. ती जागा नोकरीतील खंड वा खालावलेले गुण यांसारख्या बाबींच्या खुलाशासाठी असते.

जोडशब्दांची गणना सर्वत्र एकसारखी होत नाही; यास्तव अर्ज दाखल करण्यापूर्वी शब्दसंख्या त्या विद्यालयाच्या अर्जातच, मुदतीच्या आदल्या रात्री नव्हे तर चार दिवस आधी, अवश्य पडताळून पाहावी.